अबेलोनाची बिनमुंडक्यांची पाखरं

लिंडेनबाखच्या खोऱ्यात गर्व हे मोठं पाप समजतात, आणि ते पाप आपल्या घरात नाही याचा अभिमान घरोघर आहे. इथे कोणी भिंतीवर चित्र टांगत नाही. बायका टोपीला चुणी घालतात तीही शेजारणीपेक्षा एक कमी, आणि ती कमी आहे हे शेजारणीला दिसेल अशा बेताने बसतात. सगळ्या पेनसिल्व्हानियात आमच्याइतकी साधी माणसं नसतील, असं आमचे कारभारी क्नॉर रविवारी देवळाच्या पायरीवर सांगतात, आणि ऐकणारे माना खाली घालून तृप्त होतात.

एका गोष्टीला मात्र सुंदर असण्याची मुभा आहे. बाप्तिस्म्याचा कागद. लेकराच्या डोक्यावर देवळात पाणी पडलं, की त्याचं नाव, आईबापांचं नाव, साक्षीला उभे राहिले त्यांची नावं शाळामास्तर जाड वळणदार जर्मन अक्षरांत लिहितो. मग त्या लिहिलेल्या मजकुराभोवतीचा कोरा कागद कात्रीने कापून जाळी करायची. बदाम, ट्यूलिपची फुलं, वेली आणि डिस्टेलफिंक, म्हणजे काटेरी बोंडांवर येऊन बसणारं ते पिवळं पाखरू. वर लाल, पिवळा, हिरवा रंग. असा कागद भिंतीवर लावला तर तो दिखावा. म्हणून तो त्या लेकराच्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतात. झाकण मिटलं की कागद दिसत नाही, आणि पापही नाही.

आता पेटी उघडली तर तो दिसणारच, त्याला कोण काय करणार? आमच्याकडे पाहुणी आली की कॉफीचा पहिला घोट घेते न घेते तोच खांदे आवळते. "बाई, गारठा जाणवतोय जरा." "थांबा हं, शाल देते," म्हणत घरची बाई पेटी उघडते. शाल नेमकी तळाशी असते. ती सापडेपर्यंत पाहुणीचं सगळं बघून होतं. भर उन्हाळ्यात, ऐन जुलैतही आमच्या खोऱ्यातल्या बायकांना फार थंडी वाजते.

या सगळ्या पेट्यांच्या झाकणांवर राज्य होतं ते अबेलोना ट्रॉक्सेलचं. तिचा नवरा जोस्ट सफरचंदांच्या बागेचा मालक, कानाने थोडा मंद आणि सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, बाबतीत अगदी तल्लख. अबेलोना घर सांभाळायची, कोबी आंबवायची, आणि खोऱ्यात पाळणा हलला की कात्री काढायची. ती छोटी, निमुळत्या टोकांची कात्री तिच्या आजीने समुद्रापलीकडून आणलेली. काम करताना अबेलोना कात्री हलवायची नाही. कात्री जागच्या जागी नुसती उघडमीट करायची आणि डावा हात कागद फिरवायचा, जणू कागदच कात्रीच्या तोंडात चालत जातोय. कागद आठ पदरी दुमडलेला. घडीत एक पाखरू कापलं की उलगडल्यावर आठ पाखरं गोल धरून उभी. बघणाऱ्या बायका श्वास रोखायच्या. अबेलोना म्हणायची, "माझं कसलं कौतुक? हात देवाने दिलेत." असं म्हणून हात जरा पुढे करायची, म्हणजे देवाने कसे दिलेत ते सगळ्यांना नीट दिसावं.

देवाने हात दिले तसे डोळेही दिले होते. ते मात्र त्याने हळूहळू परत घ्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या कोणाचं असतं तर बाई चष्मा घेऊन मोकळी झाली असती. अबेलोनाची पंचाईत वेगळी होती. तिची नणंद सिबिला, जोस्टची विधवा बहीण, ओढ्यापलीकडे राहायची. एके काळी तीही कागद कापायची आणि बरं कापायची. पुढे तिच्या हाताला कंप सुटला आणि कात्री खाली ठेवावी लागली. तिने एका फेरीवाल्याकडून चष्मा घेतला आणि पहिल्याच रविवारी तो लावून देवळात आली. तेव्हा अबेलोनाचे डोळे ठणठणीत होते. देवळाच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "देवाने दिलेल्या दोन डोळ्यांत भागेना, म्हणून आमच्या नणंदबाई नाकावर खिडकी बसवून आल्यात!" अख्खं अंगण हसलं. त्या दिवसापासून सिबिलाचं नाव खोऱ्यात 'खिडकीवाली' पडलं. ते नाव सिबिलाने गिळलं, पण पचवलं नाही.

आता अबेलोना कोणत्या तोंडाने चष्मा लावणार?

मग लपवाछपवी सुरू झाली. सुई ओवायची वेळ आली की तिचे हात नेमके पिठात असायचे. "रोझिना, जरा दोरा घाल गं त्यात," असं ती मुलीला सांगायची. रोझिनाचं लग्न होऊन ती गिरणीजवळच्या घरी गेल्यावर घरातलं शिवण एकदम कमी झालं. तांदूळ म्हणून तिने एकदा जवस शिजवला. जोस्टने तो मुकाट्याने खाल्ला आणि दोन दिवस तब्येत बरी वाटते म्हणाला. देवळात भजनाचं पुस्तक तिने एकदा उलटं धरलं आणि गीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटलं. शेजारच्या बाईने ते पाहिलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "भक्तीत देहभान हरपणं म्हणजे काय, ते आज पाहिलं."

अबेलोनाने हे ऐकलं. घरी येऊन देवापुढे डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, तूच बघ काय ते." दुसरं कोण बघणार होतं?

कापताना ती बोटांवर भिस्त ठेवायची. बदाम बोटांना पाठ होते, ट्यूलिप पाठ होते. अवघड होती ती पाखराची मान. तिथे कागद एका धाग्याइतका उरतो. कात्री गळ्यापाशी आत जाते, थांबते, वळते आणि चोचीकडे चढते. त्या वळणावर बोटांना काही कळत नाही. तिथे डोळाच लागतो.

पाळकसाहेबांच्या, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंच्या, घरी पहिला मुलगा झाला. मास्तरांनी कागदाच्या मधोमध नाव लिहून पाठवलं. इतकं सुंदर लिहिलं होतं, की मास्तरांनी त्या दिवशी सायडरला हात लावला नसणार. बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी होता. अबेलोनाने कागद दुमडला, खिडकीशी बसली आणि कापत गेली. उलगडून गरम इस्त्री फिरवली तेव्हा तळहाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिने कागद दारात नेला, उन्हात धरला, नाकाला लावला.

आठही पाखरांना मुंडकी नव्हती.

मान थेट आडवी कापली गेली होती. मुंडकी मांडीवरच्या कचऱ्यात पडून केव्हाच केरसुणीने चुलीत गेली होती. घडीत चूक एकदाच होते, पण उलगडली की आठ होतात. आणि मधोमध मास्तरांची अक्षरं, म्हणजे नवा कागद घेऊन पुन्हा करायची सोय नाही. चूक कबूल करायची तर चूक का झाली ते सांगावं लागणार. ते सांगितलं की कात्री गेली. कात्री गेली की ती या खोऱ्यात कोण? कोबी आंबवणारी एक म्हातारी. तशा खोऱ्यात बऱ्याच होत्या.

तिने मुंडक्यांच्या जागी रंगाचं बोट लावून पाहिलं. पाखरांचे गळे चिरल्यासारखे दिसू लागले. ते घाईघाईने पुसलं आणि कागद तसाच पाठवून दिला.

बाप्तिस्म्यानंतर पाळकसाहेबांच्या घरी मंडळी जमली. हॅम, उकडलेले पिठाचे गोळे, वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी, कॉफी. कारभारी व्हालेंटिन क्नॉरांच्या बायकोला थंडी वाजली. पाळकीणबाईंनी पेटी उघडली. सगळे वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले. अबेलोना कोपऱ्यात कॉफीच्या कपात बघत बसली, आणि कपाच्या तळाशी एखादं बीळ असतं तर त्यात शिरली असती.

क्नॉरांनी खाकरून घसा साफ केला. क्नॉर खाकरले की खोऱ्यात घोडेसुद्धा उभे राहतात.

"मंडळी," ते म्हणाले, "ही पाखरं बघा. सृष्टीतल्या या छोट्या जीवांनी आपलं मस्तक, म्हणजे आपला अहंकार, देवाच्या चरणी अर्पण केलाय. आपण सगळे मान ताठ करून फिरतो. या बाईने कात्रीने प्रवचन दिलंय."

खोलीभर "अहाहा" झालं. पाळकीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. पाळकसाहेबांनाही, आपल्याला हे आधी सुचायला हवं होतं, असं वाटलेलं दिसलं. "अबेलोनाबाई," क्नॉर म्हणाले, "तुम्ही हे केव्हापासून मनात योजलं होतं?"

अबेलोनाने तोंड उघडलं. खरं जिभेवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. पण सगळे तिच्याकडे असे बघत होते, की कात्री धरून इतकी वर्षं झाली तरी तिच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मी काय योजणार? हातून झालं." हे शब्द खरे होते, म्हणून तिने पाप झालं नाही असं धरलं.

सिबिला दाराशी उभी होती. तिने चष्मा नाकावर खाली सरकवला, वरून बघितलं, मग चष्म्यातून बघितलं आणि एक फोड तोंडात टाकली.

त्यानंतर खोऱ्यात जे सुरू झालं त्याला साथच म्हणायला हवं. नव्या लेकरांचे कागद बिनमुंडक्यांचे हवे झालेच, पण बायका जुने कागदही पेट्यांवरून वाफेने सुटे करून घेऊन यायला लागल्या. "अबेलोनाबाई, आमच्या थोरल्याचे मोर जरा नम्र करून द्या ना." अबेलोना बोटांनी चाचपून मुंडकी कच्चकन उडवायची. हे काम सोपं होतं, त्याला डोळे लागत नव्हते. एका घरच्या कागदावर सिंह होता, त्याला आयाळीसकट नम्र केलं. एकीच्या कागदावर अमेरिकेचा गरुड होता. त्याचं डोकं उडवणं म्हणजे सरकारचा अपमान की देवाचा सन्मान, यावर क्नॉरांच्या घरी बैठक बसली. गरुड हा पक्षी नसून सरकार आहे, म्हणून राहू द्यावा, असं ठरलं. देवदूतांवर मात्र दोन तट पडले. शेवटी देवदूतांची डोकी ठेवावीत पण केस कमी करावेत, असा मधला मार्ग निघाला, आणि देवदूतांची हजामतही अबेलोनाकडेच आली.

एकदा सिबिला ओढा ओलांडून आली आणि दारातच म्हणाली, "वहिनी, मी म्हटलं खाटीकखाना उघडलायस, तर एक कोंबडी सोलून नेते."

"तुला जळायला झालंय काय, सिबिला?"

"मी कशाला जळू? मला तर कौतुक वाटतं. बाकीच्यांना देवापुढे डोकं ठेवायला गुडघे टेकावे लागतात. तू नुसती कात्री टेकवतेस." तिने कॉफीचा घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला. "वहिनी, कॉफीत मीठ घातलंयस."

"आम्ही तशीच पितो हल्ली."

"जोस्टसुद्धा?"

"त्याला विचार."

जोस्ट कोपऱ्यातून म्हणाला, "काय? हो, छान आहे." तो काय ऐकून म्हणाला ते त्यालाच ठाऊक. सिबिला हसली नाही. तिने भावजयीच्या डोळ्यांकडे असं बघितलं, की अबेलोना उठून, काही काम नसताना चुलीत लाकूड घालायला गेली.

हे असंच चालू राहिलं असतं. अबेलोनाच्या मनाला टोचायचं, पण टोचणी रोजची झाली की तीही अंगवळणी पडते. रात्रीची प्रार्थना ती जरा घाईने उरकू लागली, एवढंच. मग रोझिनाला मुलगी झाली.

रोझिनाचं पहिलं लेकरू बाप्तिस्म्याचं पाणी लागायच्या आतच गेलं होतं. त्याच्यासाठी बापाने केलेली पेटी खोलीत तशीच होती. आत काही नाही, आणि झाकण आतून कोरं. रोझिनाने त्या पेटीवर कधी काही ठेवलं नाही, आणि पाहुण्यांना त्या खोलीत कधी थंडी वाजली नाही. आता त्याच पेटीला कागद लागणार होता.

"आई," रोझिना बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "मला माझ्या पेटीतलं पाखरू हवं. तेच."

"तेच म्हणजे?"

"डोकं असलेलं. डोळा असलेलं. लहानपणी तू मला शिक्षा म्हणून खोलीत बसवायचीस ना, तेव्हा मी पेटी उघडून त्याच्याशी बोलायची. ते माझ्याकडे बघायचं. माझ्या लेकीकडे कोणीतरी बघायला हवं, आई. पहिल्याकडे कोणी बघितलंच नाही."

"क्नॉर काय म्हणतील?"

"क्नॉरांना चिकटवायचंय का झाकणाला?"

अबेलोनाने नातीला मांडीवर घेतलं. पोरीचं नाक कसं आहे ते तिला नीट दिसेना. तिने बोटाने पाहिलं. नाक ट्रॉक्सेलांचं होतं, बिचारीचं. पाखराचा डोळा म्हणजे काय, तर घडीवर टेकवलेलं सुईचं टोक. मानेचं वळण संपलं, चोच झाली, की मग नेमक्या जागी एकदा टोचायचं. केसभर इकडे गेलं तर पाखरू तिरळं, केसभर तिकडे गेलं तर डोकं फाटलं. तिला सुईच दिसत नव्हती, तर जागा कुठून दिसणार?

घरी येऊन तिने जुन्या कागदांवर प्रयत्न केला. पाखरं अशी निघाली, की त्यांच्याकडे बघून पोर पेटीला जन्मभर घाबरली असती. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग कात्री ठेवली, शाल घेतली आणि ओढा ओलांडला. जोस्टने "कुठे?" विचारलं, तर ती म्हणाली, "खिडकी आणायला." जोस्ट म्हणाला, "आपल्याला आहेत की खिडक्या."

सिबिला परसात शेंगा सोलत होती. हात थरथरत होते, म्हणून दाणे भांड्यात कमी आणि कोंबड्यांत जास्त पडत होते. अबेलोना तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बस तरी," सिबिला म्हणाली. "खुर्ची डावीकडे आहे. तिथे नाही, ते मांजर आहे."

अबेलोना बसली. "तुला कधी कळलं?"

"वहिनी, तू भजनाचं पुस्तक उलटं धरलंस तेव्हाच कळलं. मी मागच्या बाकावर होते. मला सगळं दिसतं, मला खिडकी आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मजा बघत होते. सिंहाची आयाळ कापलीस ना, त्या दिवशी मी घरी येऊन एकटी हसले. नवरा गेल्यापासून तेवढी कधी हसले नव्हते."

अबेलोनाने नातीचं सांगितलं, रोझिना काय म्हणाली ते सांगितलं, रिकाम्या पेटीचं सांगितलं. सिबिला शेंगा सोलायची थांबली. मग चष्मा काढून तिने पदरासारख्या पुढे आलेल्या एप्रनच्या टोकाने पुसला.

"देते. पण दोन अटी. एक, बाप्तिस्म्याला हा लावून यायचं. सगळ्यांसमोर. दुसरी, क्नॉरांच्या तोंडावर सांगायचं, की ती डोकी नम्रतेने गेली नव्हती, आंधळेपणाने गेली होती. पाखरांना डोकी परत मिळतात, तशी मलाही माझी इभ्रत परत मिळू दे."

"सिबिला, मग माझ्याकडे कागद कोण देईल?"

"ते तू बघ," सिबिला म्हणाली, आणि मग दोघींनाही तो 'बघ' ऐकू आला. पहिल्यांदा हसली ती अबेलोनाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीशी ऊन आल्यावर, अबेलोनाने चष्मा नाकावर चढवला. पहिल्यांदा काय दिसलं तर फळीवरची धूळ. ती इतकी, की आपण इतकी वर्षं कोणाला स्वच्छतेचे धडे देत होतो याची तिला शरम वाटली. मग समोर जोस्ट दिसला.

"अरे देवा," ती म्हणाली, "तू कधी म्हातारा झालास?"

"काय?"

"काही नाही. चांगला दिसतोस म्हटलं."

"हे ऐकू आलं," जोस्ट म्हणाला.

सिबिला शेजारी बसली होती. चष्म्याविना तिला सगळं धूसर, हात मांडीत दाबून धरलेले, पण कात्रीची वळणं अजून पाठ आणि जीभ मोकळी. "इथे वळ. हळू. अगं, घाई करू नकोस, पाखरू आहे, क्नॉर नव्हे." कात्री उघडमीट होत होती, कागद तिच्या तोंडात चालत होता. मान आली. धाग्याइतका कागद उरला. अबेलोनाने श्वास धरला, सिबिलानेही धरला. कात्री वळली आणि चोचीकडे चढली. मग सुई. सिबिला म्हणाली, "किंचित वर." अबेलोना म्हणाली, "मला दिसतंय." सिबिला म्हणाली, "हो, माझ्याच खिडकीतून दिसतंय." सुई टोचली.

कागद उलगडला. आठ पाखरं, आठ मुंडकी, आठ डोळे. दोघी म्हाताऱ्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि पाखरं दोघींकडे.

बाप्तिस्म्याच्या दिवशी देवळात खुसफुस झाली. अबेलोना नाकावर खिडकी लावून आली होती, आणि सिबिला तिचा हात धरून, कारण आता सिबिलाला दिसत नव्हतं. संध्याकाळी रोझिनाच्या घरी मंडळी जमली. क्नॉरांच्या बायकोला बसण्याआधीच थंडी वाजली. रोझिनाने पेटी उघडली.

क्नॉर वाकले, सरळ झाले आणि खाकरले.

"अबेलोनाबाई, हे काय? मान ताठ? डोळे उघडे? तुमच्या हातून?"

अबेलोना उठली. "कारभारी, तुम्ही सगळ्यांनी ऐका. पाळकसाहेबांच्या मुलाच्या कागदावर डोकी नव्हती, ती देवाला अर्पण केलेली नव्हती. मला दिसत नव्हतं. कात्री घसरली. मी ते कोणाला सांगितलं नाही, कारण तुम्ही माझं कौतुक करत होतात आणि ते मला गोड लागत होतं. तुमच्या घरची पाखरं मी विनाकारण मारली. मला क्षमा करा."

सिबिलाने हाताची घडी घातली आणि वाट बघू लागली. इतक्या वर्षांची वाट होती ती.

क्नॉरांचे डोळे भरून आले. ते हळूहळू सगळ्यांकडे वळले. "ऐकलंत? ऐकलंत मंडळी? आपण तिला नम्र म्हटलं, तर ती आपल्या नम्रतेलाही चूक म्हणते! पाखरांनी नुसतं डोकं दिलं. या बाईने आपली कीर्तीसुद्धा दिली. आणि ही डोकी परत का ठेवली? आपण तिला थोर मानू नये म्हणून!"

"अहाहा," मंडळी म्हणाली. पाळकीणबाईंचा रुमाल पुन्हा बाहेर आला.

"अहो, तिला दिसत नव्हतं हो!" सिबिला ओरडली. "खरंच दिसत नव्हतं! कॉफीत मीठ घालायची! माझ्या भावाने जवस खाल्ला! विचारा त्याला!"

"छान होता," जोस्ट म्हणाला.

क्नॉरांनी सिबिलाच्या खांद्यावर हात ठेवला. "सिबिलाबाई, मत्सर सोडा. मनाला त्रास होतो त्याने."

अबेलोनाने तिचा थरथरता हात धरला आणि आपल्या हातात घट्ट दाबला. दोघी एकमेकींकडे बघेनात, कारण बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं, आणि ते हसूही कोणी भक्तीत जमा केलं असतं.

तेवढ्यात पोर रडायला लागली. रोझिनाने पेटीत नव्याने घातलेल्या शालींवर तिला आडवं निजवलं, ज्या पेटीवर तिने कधी काही ठेवलं नव्हतं तिच्यात. पोर दोन उचक्या देऊन गप्प झाली आणि वर झाकणाकडे बघत राहिली. वरून पाखरं तिच्याकडे बघत होती. आता झाकण मिटायचा प्रश्नच नव्हता, आत लेकरू होतं. त्या संध्याकाळी शाल न मागता सगळ्यांना कागद बघायला मिळाला.

क्नॉरांची बायको हळूच अबेलोनाजवळ आली. "बाई, आमच्या धाकट्याचाही बाप्तिस्मा पुढल्या महिन्यात आहे. बिनडोक्यांचीच पाखरं द्या हं. डोक्यांची पेलायला आम्ही अजून तुमच्याइतक्या पोचलेल्या नाही."

"देईन," अबेलोना म्हणाली. "पण डोकी असलेली देईन. नको असतील तर घरी नेऊन तुम्हीच कापा."

क्नॉरांच्या बायकोने हात जोडले आणि हे वाक्यही लक्षात ठेवायला निघून गेली.

अबेलोना पेटीपाशी गुडघ्यांवर बसली. मागून सिबिला चाचपडत आली आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसली.

"वहिनी, खिडकी दे परत. घरी जायचंय, वाटेत ओढा आहे."

"थांब जरा," अबेलोना म्हणाली. "हिचं नाक अजून बघितलं नाही नीट."